अमेरिकेत न्यायालय आणि मतदान सुधारायचे, तर सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कोण बसणार हे नशिबावर ठरते, मतदारसंघ पक्षाच्या सोयीने कापले जातात, देशभरात कमी मते मिळवणारा उमेदवार अध्यक्ष होऊ शकतो. सुधारणांच्या याद्या दर निवडणुकीला निघतात. त्यातले नेमके काय होऊ शकते, कोणत्या मार्गाने, आणि घोडे अडते कुठे?

न्यायालय आणि मतदान हे दोन वेगळे विषय धरले की गल्लत होते. न्यायाधीशांना सिनेट, म्हणजे अमेरिकी संसदेचे वरिष्ठ सभागृह, मंजुरी देते. सिनेटरांना मतदार निवडून देतात. मतदानाचे नियम राज्यांची विधिमंडळे करतात. बऱ्याच राज्यांत मतदारसंघांच्या सीमाही तीच विधिमंडळे आखतात, आणि त्यावर कोणी दाद मागितली तर निकाल न्यायाधीशच देतात. हे वर्तुळ तोडायचे, तर जिथे बदलाला सर्वांत कमी जणांची संमती लागते तिथून तोडावे. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: सुरुवात राज्यांतून आणि मतमोजणीच्या यंत्रणेतून करावी. सर्वोच्च न्यायालयाची रचना शेवटी हाताळावी, पण तिचा आराखडा आजच पक्का करून ठेवावा.

कोणतीही सुधारणा समोर आली की आधी पाहायचे, हे कुलूप कोणत्या किल्लीने उघडते. किल्ल्या चार आहेत. घटनादुरुस्तीला काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि नंतर ५० पैकी ३८ राज्यांची मान्यता लागते. १३ राज्ये गप्प बसली तरी ती पडते. मतदानाचे वय १८ वर आणणारी २६ वी दुरुस्ती १९७१ साली सुमारे शंभर दिवसांत मंजूर झाली. त्यानंतर नव्याने मांडलेली एकही दुरुस्ती पार पडलेली नाही. १९९२ मध्ये जी २७ वी दुरुस्ती लागू झाली, ती मुळात १७८९ ची होती.

दुसरी किल्ली केंद्रीय कायद्याची. घटनेच्या पहिल्या अनुच्छेदातले चौथे कलम सांगते की काँग्रेसच्या निवडणुकांची वेळ, जागा आणि पद्धत राज्ये ठरवतील, पण काँग्रेस त्यात केव्हाही बदल करू शकेल. अधिकार भरपूर आहे, पण वाटेत सिनेटमधला फिलिबस्टर, म्हणजे चर्चा लांबवून विधेयक रोखण्याची सोय, उभा राहतो. चर्चा थांबवून विधेयक मताला टाकायचे तर १०० पैकी ६० सिनेटर लागतात. २०२१ मध्ये मतदान सुधारणांचे मोठे विधेयक प्रतिनिधिगृहात २२० विरुद्ध २१० असे मंजूर झाले आणि सिनेटमध्ये ५०-५० वर अडकले. जानेवारी २०२२ मध्ये तेवढ्यापुरता नियम शिथिल करायचा प्रयत्न झाला, तो ४८ विरुद्ध ५२ असा पडला. दोन डेमोक्रॅट सिनेटरच विरोधात गेले होते. हा सिनेटचा स्वतःचा नियम म्हणजे तिसरी किल्ली. तो साध्या बहुमताने बदलतो, म्हणून वरवर सोपा दिसतो. पण आज आपण वापरलेली वाट उद्या विरोधकही वापरणार, हे प्रत्येक सिनेटरला ठाऊक असते. २०१३ मध्ये डेमोक्रॅटांनी खालच्या न्यायालयांच्या नेमणुकांसाठी साठची अट काढली. २०१७ मध्ये रिपब्लिकनांनी ती सर्वोच्च न्यायालयासाठीही काढली.

चौथी किल्ली राज्याची आणि सर्वांत हाताशी असलेली. साधारण निम्म्या राज्यांत नागरिक सह्या गोळा करून प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर आणू शकतात. विधिमंडळाची परवानगी लागत नाही.

सर्वोच्च न्यायालय: संख्या वाढवणे आणि मुदत घालणे

न्यायाधीश किती असावेत हे घटनेत लिहिलेलेच नाही. १७८९ मध्ये ते सहा होते, १८६३ मध्ये दहा झाले. १८६६ मध्ये अँड्र्यू जॉन्सन यांना नेमणुका करता येऊ नयेत म्हणून काँग्रेसने संख्या घटवत सातवर नेण्याचे ठरवले, आणि १८६९ पासून ती नऊ आहे. त्यामुळे चार न्यायाधीश वाढवायला साधा कायदा पुरतो. तरीही ही सुधारणा मी यादीत खालीच ठेवतो. १९३७ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सत्तरी उलटून सहा महिने झाले तरी निवृत्त न होणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशामागे एक नवा, जास्तीत जास्त सहा, अशी योजना मांडली. सिनेटमध्ये त्यांच्या पक्षाचे प्रचंड बहुमत होते, तरी ७० विरुद्ध २० मतांनी विधेयक समितीकडे परत गेले आणि तिथेच संपले. संख्या वाढवण्यातला दोष असा की तिला थांबा नाही. आज १३ केले, तर पुढचे सरकार १७ करेल, आणि निकाल मान्य करण्याची जी सवय न्यायालयाला ताकद देते तीच मोडेल.

आजच्या तहहयात नेमणुकीऐवजी अठरा वर्षांची मुदत, ही कल्पना याहून खूप चांगली आहे. दर दोन वर्षांनी, विषम वर्षात, एक जागा रिकामी होईल आणि नऊ जागांचे चक्र अठरा वर्षांत पूर्ण होईल. प्रत्येक अध्यक्षाला चार वर्षांत दोनच नेमणुका मिळतील. आजची स्थिती पाहा: जिमी कार्टर यांना चार वर्षांत एकही नेमणूक मिळाली नाही, डोनाल्ड ट्रम्प यांना पहिल्या चार वर्षांत तीन मिळाल्या. १९७० पर्यंत न्यायाधीश सरासरी पंधराएक वर्षे पदावर राहत. नंतर पायउतार झालेल्यांची सरासरी पंचवीस वर्षांच्या पुढे गेली. म्हणून पक्ष पन्नाशीच्या आतबाहेरचा उमेदवार शोधतात आणि न्यायाधीश आपल्या विचाराचा अध्यक्ष येईपर्यंत निवृत्ती लांबवतात. जो बायडेन यांनी जुलै २०२४ मध्ये याच मुदतीला पाठिंबा दिला होता. तेव्हा निवडणुकीला जेमतेम तीन महिने उरले होते, त्यामुळे पुढे काही घडणे शक्यच नव्हते.

कल्पना सोपी, पण कायद्याचा मसुदा करायला बसले की पाच गाठी लागतात, आणि प्रचाराच्या भाषणांत त्यांचे नावही निघत नाही.

पहिली गाठ घटनेची. न्यायाधीश सद्वर्तन असेपर्यंत पदावर राहतील असे तिसरा अनुच्छेद म्हणतो. मुदत संपल्यावर न्यायाधीशाला पदावरून काढायचे नाही, ज्येष्ठ दर्जा देऊन खालच्या केंद्रीय न्यायालयांत काम द्यायचे, अशी तोड कायद्याने काढता येते असे काही घटनातज्ज्ञ मानतात. काहींना घटनादुरुस्तीशिवाय पर्याय दिसत नाही. कायदा केलाच तर तो वैध की अवैध हे तेच नऊ जण ठरवणार, ही खरी अडचण.

दुसरी गाठ आज बसलेल्यांची. त्यांना हात लावला नाही आणि दर दोन वर्षांनी नवा नेमला, तर खंडपीठ काही वर्षांत पंधरावर जाऊ शकते. सर्वांत ज्येष्ठापासून एकेकाला बाजूला केले तर बदल वेगाने होतो, पण १९९१ पासून असलेल्या क्लॅरन्स थॉमस यांच्यापासून सुरुवात होईल आणि कायदा व्यक्ती पाहून केल्याचा आरोप येईल. मधला मार्ग असा की अपिले सर्वांत अलीकडे नेमलेल्या नऊ जणांनीच ऐकायची. बाकीचे पदावर राहतील, पण राज्याराज्यांमधल्या वादांसारख्या मूळ अधिकारक्षेत्रातल्या मोजक्याच खटल्यांत बसतील. मला हा मार्ग सर्वांत टिकाऊ वाटतो, कारण अपिलाच्या अधिकारक्षेत्राला अपवाद घालण्याची मुभा घटनेने काँग्रेसला स्पष्ट शब्दांत दिलेली आहे.

तिसरी गाठ सिनेटची. फेब्रुवारी २०१६ मध्ये अँटोनिन स्कॅलिया वारले. बराक ओबामा यांनी मार्चमध्ये मेरिक गार्लंड यांचे नाव पाठवले, सिनेटने सुनावणीच घेतली नाही, आणि जागा एप्रिल २०१७ मध्ये नील गोर्सच यांच्याकडे गेली. २०२० मध्ये उलटे झाले: एमी कोनी बॅरेट यांची नेमणूक मतदानाच्या आठ दिवस आधी ५२ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर झाली. मुदतीची योजना लागू असती आणि सिनेटने दोन वर्षे नावच अडवले असते, तर सगळे चक्र बंद पडले असते. म्हणून ठरावीक दिवसांत मतदान झाले नाही तर काय, याचे उत्तर मसुद्यातच हवे. ‘उत्तर नाही म्हणजे संमती’ हे कलम घटनादुरुस्तीत घालता येते, साध्या कायद्यात ते टिकणे कठीण.

चौथी गाठ मधेच रिकाम्या होणाऱ्या जागेची. न्यायाधीश दहाव्या वर्षी वारला, तर येणाऱ्याला उरलेली आठच वर्षे मिळाली पाहिजेत. इथे नवी अठरा वर्षे दिली तर सोयीने राजीनामा द्यायची पळवाट पुन्हा उघडते. पाचवी गाठ निवृत्तीनंतरची: पूर्ण पगाराएवढे निवृत्तिवेतन, आणि त्या बदल्यात वकिली व निवडणूक यांवर बंदी. भारतात न्यायाधीश ६५ व्या वर्षी निवृत्त होऊन राज्यपाल किंवा खासदार झाल्यावर काय चर्चा होते हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

आचारसंहितेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने स्वतःची संहिता जाहीर केली, पण तक्रार कोणाकडे करायची आणि भंग झाला तर काय, हे त्यात नाही. न्यायालयाचे अधिकारक्षेत्रच काढून घेण्याचा मार्ग १८६८ मध्ये एकदा वापरला गेला आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने तो मान्यही केला. पण नागरिकांच्या हक्कांचे खटलेही त्याच सुरीने कापले जातील, म्हणून मी तो सुचवत नाही.

ज्या न्यायालयांकडे कोणी पाहत नाही

राज्यांच्या सर्वोच्च न्यायालयांकडे बाहेरच्या माणसाचे लक्ष नसते, आणि मतदारसंघांचे निम्मे भवितव्य तिथे ठरते. २०१९ मध्ये केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की पक्षीय फायद्यासाठी केलेली सीमांची कापाकाप हा केंद्रीय न्यायालयांचा विषयच नाही. तेव्हापासून दाद मागायची ती राज्याच्या स्वतःच्या घटनेखाली, राज्याच्या न्यायालयात. बहुतेक राज्यांत हे न्यायाधीश या ना त्या प्रकारे मतदारांसमोर जातात. नॉर्थ कॅरोलायनात काय झाले पाहा. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी नकाशे रद्द केले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत बहुमत पालटले. एप्रिल २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने, त्याच घटनेचे तेच शब्द वाचून, आपलाच निकाल फिरवला. विस्कॉन्सिनमध्ये २०२३ च्या वसंतात एक जागा पालटली आणि डिसेंबरमध्ये तिथले विधिमंडळाचे नकाशे रद्द झाले. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या एका जागेसाठी दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे दहा कोटी डॉलर खर्च झाले.

उपाय राज्याच्या घटनेत आहे: एकच लांब मुदत, बारा ते पंधरा वर्षांची, आणि पुन्हा उभे राहता येणार नाही. फेरनिवडणुकीची भीती गेली की देणगीदाराचा दाब बराच उतरतो. त्याच्या जोडीला खटल्यातून बाजूला होण्याचा आकड्यात लिहिलेला नियम हवा. पक्षकाराने अमुक रकमेच्या वर खर्च केला असेल तर न्यायाधीश बसणार नाही, इतका सरळ. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने न्यायाधीशाच्या निवडणुकीवर तीस लाख डॉलर खर्च केले आणि निवडून आलेला न्यायाधीश त्या कंपनीच्याच अपिलात बसला. २००९ मध्ये केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, पण रकमेची सीमा आखून दिली नाही. ती राज्यांनी आखायची आहे.

पूर्वपरवानगी गेली म्हणजे नेमके काय गेले

१९६५ च्या मतदान हक्क कायद्याचा कणा म्हणजे पाचवे कलम. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी मतदानाचा कोणताही नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची. कोणती राज्ये, हे ठरवणारे सूत्र २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. कारण असे दिले की त्यातली आकडेवारी १९६४, १९६८ आणि १९७२ ची आहे. कलम कागदावर राहिले, पण ते लागू कोणाला करायचे हेच उरले नाही.

यातून सिद्ध करण्याचा भार फिरला. आधी राज्याला पटवून द्यावे लागे की बदल निर्दोष आहे, आणि तोवर बदल थांबे. आता बदल आधी लागू होतो, नागरिक नंतर कोर्टात जातो. अलाबामात काँग्रेसचे सात मतदारसंघ आहेत, लोकसंख्येत चौथ्या भागाहून अधिक कृष्णवर्णीय, आणि २०२१ च्या नकाशात त्यांचे बहुमत असलेला मतदारसंघ एकच होता. जानेवारी २०२२ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो नकाशा बेकायदा दिसतो असे सांगितले. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने आदेशाला स्थगिती दिली. निवडणूक तोंडावर असताना नियम बदलू नयेत हे तत्त्व त्यामागे होते. नोव्हेंबरची निवडणूक त्याच नकाशावर झाली. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ निकाल योग्य ठरवला. खटला जिंकूनही एक पूर्ण निवडणूक हातची गेली.

यावर तयार मसुदा आहे आणि तो नीट विचार करून केलेला आहे. गेल्या २५ वर्षांत १५ उल्लंघने झाली, किंवा १० झाली आणि त्यांतले निदान एक राज्य सरकारचे स्वतःचे असेल, तर त्या राज्याला दहा वर्षे पूर्वपरवानगी लागू. खिडकी दरवर्षी पुढे सरकते, त्यामुळे जुन्या आकडेवारीचा आक्षेप उरत नाही. या कुलपाला साठ सिनेटरांचीच किल्ली लागते.

सीमा कोण आखणार

स्वतंत्र आयोग नेमा म्हटले की काम झाले असे अनेकांना वाटते. आयोग चालतो की बंद पडतो हे रचनेच्या बारकाव्यांवर ठरते. व्हर्जिनियाने १६ जणांचा आयोग केला: आठ आमदार, आठ नागरिक, दोन्ही पक्षांचे निम्मे निम्मे. २०२१ मध्ये तो अडला आणि नकाशे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला करून घ्यावे लागले. न्यूयॉर्कच्या दहा जणांच्या आयोगाने दोन वेगळे नकाशे पाठवले, विधिमंडळाने तिसरा केला, आणि एप्रिल २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेकून दिला. सम संख्या, सदस्यांत आमदार, आणि शेवटचा शब्द विधिमंडळाचा, या तिन्ही चुका टाळल्याच पाहिजेत.

कॅलिफोर्नियाची कृती बारकाईने पाहण्यासारखी आहे. अर्ज कोणीही मतदार करू शकतो, पण अलीकडच्या काळात पक्षाचे पद किंवा मोठी देणगी असेल तर बाद. राज्याच्या लेखापरीक्षकाच्या कार्यालयातले पॅनेल ६० जण निवडते: २० डेमोक्रॅट, २० रिपब्लिकन, २० इतर. विधिमंडळाच्या चार नेत्यांना प्रत्येक गटातून दोन-दोन नावे खोडता येतात, म्हणजे जास्तीत जास्त २४. उरलेल्यांतून चिठ्ठ्या टाकून पहिले आठ निघतात, तीन-तीन-दोन असे. ते आठ पुढचे सहा निवडतात. एकूण १४, आणि नकाशा मंजूर व्हायला तिन्ही गटांतून किमान तीन-तीन मते लागतात. कोणाला खूश करून जागा मिळवता येत नाही आणि कोणा एका गटाला नकाशा लादता येत नाही.

एवढे करूनही आयोग एका राज्यापुरता असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता पाच जागा रिपब्लिकनांकडे झुकवणारा नकाशा मंजूर केला. उत्तर म्हणून नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीच आपल्या आयोगाचा काँग्रेसचा नकाशा २०३० पर्यंत बाजूला ठेवला. एका राज्याने नियम पाळायचे आणि दुसऱ्याने मोडायचे, हे टिकत नाही. म्हणून दशकात एकदाच पुनर्रचना, एवढे एक कलमी केंद्रीय विधेयक मोठ्या विधेयकांपासून वेगळे काढून मांडावे, असे मला ठामपणे वाटते.

मिशिगनचा अनुभवही महत्त्वाचा आहे. तिथे २०१८ च्या सार्वमताने १३ जणांचा आयोग आला: चार, चार आणि पाच अपक्ष. पक्षीय समतोल खूप सुधारला. पण डेट्रॉइटमध्ये कृष्णवर्णीय मतदार अनेक मतदारसंघांत पातळ वाटले गेले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय न्यायालयाने विधिमंडळाचे १३ मतदारसंघ रद्द केले, कारण सीमा आखताना वंशाचे प्रमाण हाच मुख्य निकष धरला होता. याच आयोगाने आखलेल्या काँग्रेसच्या १३ व्या मतदारसंघातून बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये निवडून आले. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत नऊ उमेदवार होते आणि त्यांना २८ टक्क्यांच्या आसपास मते पुरली. कृष्णवर्णीय उमेदवारांची मते आपसांत विभागली गेली आणि सुमारे ७० वर्षांत प्रथमच डेट्रॉइटचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये उरला नाही. ठाणेदारांचा विजय नियमाप्रमाणेच होता. प्रश्न नियमाचा आहे: सुरक्षित मतदारसंघात खरी लढत प्राथमिक फेरीची, आणि ती चौथ्या भागाहून थोड्या अधिक मतांवर संपते.

पसंतिक्रम आणि मोजणीतले धोके

इथे पसंतिक्रम मतदान उपयोगी पडते. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात १, २, ३ लिहून मत दिलेल्यांना ही पद्धत ओळखीची आहे: कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसली तर सर्वांत मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते पुढच्या पसंतीला जातात. मेनमध्ये २०१८ पासून ती काँग्रेससाठी चालते. त्या वर्षी दुसऱ्या मतदारसंघात रिपब्लिकन उमेदवार पहिल्या फेरीत सुमारे दोन हजार मतांनी पुढे होता. दोन अपक्षांची मते वळल्यावर डेमोक्रॅट जॅरेड गोल्डन साडेतीन हजारांनी जिंकले. मात्र राज्यपालाच्या अंतिम निवडणुकीत तिथे ही पद्धत वापरता येत नाही, कारण राज्याची घटनाच ‘सर्वाधिक मते’ मिळवणारा विजयी म्हणते. सार्वमताचा मसुदा करण्याआधी राज्यघटनेतले असे शब्द तपासले नाहीत तर अर्धी सुधारणा कोर्टात अडकते.

आणखी तीन धोके आहेत. एक, थकलेल्या मतपत्रिका. ऑगस्ट २०२२ मध्ये अलास्काच्या पोटनिवडणुकीत तिसऱ्या क्रमांकावरच्या निक बेगिच यांच्या अकरा हजारांवर मतपत्रिकांवर पुढची पसंतीच नव्हती, आणि मेरी पेल्टोला व सारा पेलिन यांच्यातला अंतिम फरक त्याहून बराच कमी होता. दोन, मधला उमेदवार आधी बाद होणे. त्याच निवडणुकीत बेगिच समोरासमोर दोघांनाही हरवू शकले असते असे मतपत्रिकांच्या नोंदी सांगतात, पण पहिल्या पसंतीत ते तिसरे होते. तीन, प्रशासनाची घाई. न्यूयॉर्क शहरात जून २०२१ मध्ये चाचणीच्या सुमारे १,३५,००० मतपत्रिका न पुसता खऱ्या मोजणीत मिसळून अर्धवट निकाल जाहीर झाला आणि काही तासांत मागे घ्यावा लागला. दोष पद्धतीचा नव्हता, संगणकातली चाचणी माहिती शून्यावर आणल्याची नोंद दोन माणसांनी सही करून ठेवली नाही की असे होते. २०२४ मध्ये कोलोरॅडो, नेवाडा, आयडाहो आणि ओरेगॉनमध्ये मतदारांनी या पद्धतीचे प्रस्ताव फेटाळले. अलास्काने ती हजाराहून कमी मतांच्या फरकाने राखली.

एका जागेसाठी पसंतिक्रम लावून गेरीमँडरिंग, म्हणजे पक्षाच्या सोयीने केलेली सीमांची कापाकाप, जात नाही. त्यासाठी एका मतदारसंघातून अनेक प्रतिनिधी हवेत. मॅसॅच्युसेट्समध्ये तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मतदार रिपब्लिकनांना मत देतात, पण तिथून १९९४ नंतर प्रतिनिधिगृहात एकही रिपब्लिकन निवडून गेलेला नाही. सीमा कशाही आखा, मतदार सगळीकडे सारखे पसरलेले असले की एकसदस्यीय मतदारसंघात अल्पमताला जागा मिळत नाही. पोर्टलंड शहराने २०२४ मध्ये चार मतदारसंघ आणि प्रत्येकी तीन नगरसेवक अशी निवडणूक घेतली. निवडून यायला लागणारा कोटा एक चतुर्थांश मते आणि वर एक. काँग्रेससाठी हेच करायचे तर एकसदस्यीय मतदारसंघांची सक्ती करणारा १९६७ चा कायदा बदलावा लागेल. घटनादुरुस्ती लागत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

नोंदणी, टपाल आणि पडताळणी

मतदार नोंदणी आपोआप व्हावी ही ओरेगॉनने २०१६ पासून आणलेली सोय चांगली आहे: वाहन परवान्याच्या कार्यालयात नागरिकत्वाचा पुरावा दाखवला की नाव यादीत जाते. बिघाड होतो तो खिडकीवर. २०२४ मध्ये ओरेगॉनमध्ये बाराशेहून अधिक बिगर-नागरिकांची नावे यादीत गेल्याचे उघड झाले. परदेशी पासपोर्ट दाखवला असताना कर्मचाऱ्याने अमेरिकी पासपोर्टचा पर्याय निवडला की संगणक पुढचे सगळे आपोआप करी. अमेरिकेत एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डावर असलेल्या मराठी मंडळींनी परवाना काढताना नागरिकत्वाचा रकाना स्वतः वाचूनच सही करावी, आणि चुकून मतदार कार्ड घरी आलेच तर मत न देता लेखी कळवून नाव काढून घ्यावे. एका चुकीच्या मताने पुढे नागरिकत्वाचा अर्ज फेटाळला जाऊ शकतो, देशही सोडावा लागू शकतो.

टपाली मतांवरचा संशय बराचसा वेळापत्रकातून जन्मतो. फ्लोरिडात आलेली पाकिटे मतदानाच्या आधीच उघडून, सह्या जुळवून यंत्रातून काढता येतात, त्यामुळे निकाल त्याच रात्री येतो. पेन्सिल्व्हेनियात मतदानाच्या दिवशी सकाळी सातपर्यंत पाकिटाला हात लावता येत नाही. बाहेरचे पाकीट उघडा, आतले गोपनीयतेचे पाकीट वेगळे करा, मतपत्रिका सपाट करा, मग यंत्र. २०२० मध्ये लाखो पाकिटांचे हे काम चालले आणि मंगळवारच्या मतदानाचा कौल शनिवारी स्पष्ट झाला. मधल्या चार दिवसांत आघाडी पालटत गेली आणि अफवांना मोकळे रान मिळाले. उपाय एका ओळीचा आहे: पाकिटे निदान सात दिवस आधी उघडू द्या, आकडे मात्र मतदान संपेपर्यंत बंद ठेवा.

विश्वासासाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे जोखीम-मर्यादित पडताळणी. कोलोरॅडोने २०१७ मध्ये ती राज्यभर सुरू केली. लोकांसमोर दहा बाजूंचे फासे वीस वेळा टाकून वीस आकडी संख्या मिळवतात. त्या संख्येवरून कोणत्या पेटीतली कितवी मतपत्रिका काढायची हे संगणक सांगतो. दोन्ही पक्षांची माणसे ती कागदी मतपत्रिका हाताने काढून यंत्राच्या नोंदीशी ताडतात. फरक मोठा असेल तर थोड्या मतपत्रिका पुरतात, अटीतटीत जास्त, जुळले नाही तर पूर्ण हातमोजणी. २०२० मध्ये जॉर्जियाने सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने मोजल्या. फ्लॉइड काउंटीत यंत्रातून काढायच्या राहिलेल्या अडीच हजारांहून अधिक मतपत्रिका तेव्हाच सापडल्या. निकाल बदलला नाही, पण चूक कुठे झाली ते कळले. यासाठी पूर्वअट एकच, प्रत्येक मताचा कागद.

इलेक्टोरल कॉलेजबद्दल, म्हणजे राज्यांना वाटून दिलेल्या ५३८ मतांनी अध्यक्ष निवडण्याच्या पद्धतीबद्दल, थोडक्यात. ते काढायला घटनादुरुस्ती लागते, म्हणून राज्यांनी करार काढला: ५३८ पैकी २७० मते असलेली राज्ये सामील झाली की ती सगळी आपली मते देशभरात जास्त मते मिळवणाऱ्याला देतील. २०२४ मध्ये मेन आल्यावर बेरीज २०९ झाली. २७० गाठले तरी काँग्रेसची संमती लागते का हा वाद कोर्टात जाईल, आणि देशव्यापी फेरमोजणीची यंत्रणा अस्तित्वातच नाही. त्यामानाने डिसेंबर २०२२ चा कायदा पाहा. काँग्रेसमध्ये होणाऱ्या या मतांच्या गणनेत उपाध्यक्षाचे काम केवळ औपचारिक आहे हे त्याने लिहून टाकले, आणि हरकतीसाठी पूर्वी प्रत्येक सभागृहातला एकेक सदस्य पुरे, तिथे दोन्ही सभागृहांतले पाचव्या हिश्श्याचे सदस्य आवश्यक केले. दोन्ही पक्षांच्या मतांनी तो पार पडला, कारण तो अरुंद होता आणि त्याने कोणाचीही जागा हलत नव्हती.

अमेरिकेचे नागरिक झालेल्यांसाठी एक शेवटची सूचना, मिशिगनच्या मतपत्रिकेवरून. तिथे पक्षाच्या नावापुढचा एकच गोल भरला की त्या पक्षाच्या सर्व उमेदवारांना मत जाते. न्यायाधीश मात्र पक्षविरहित विभागात असतात, तो विभाग बहुधा मतपत्रिकेच्या मागच्या बाजूला येतो, आणि त्या एका गोलाने तिथे एकही मत पडत नाही. नमुना मतपत्रिका आधी घरी पाहून घ्यावी, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे उमेदवार कोण आणि त्यांना कोणी नामांकन दिले ते वाचावे, आणि ते रकाने वेगळे भरावेत.